उलटतपासणीपर्यंतचा अबोला

हडपसरच्या गाडीतळावरून पूलगेटला जाणारी सहा सीटर रिक्षा सहा माणसं घेऊन कधीच सुटायची नाही. आठ झाली, नववं ड्रायव्हरशेजारी लटकलं, की मगच ती खोकत निघायची. त्या सकाळी प्रियदर्शनी मागच्या बाकड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मांडीवर फायलींचा गठ्ठा, गठ्ठ्यावर काळा कोट. बाहेर भाद्रपदातला रेंगाळलेला पाऊस... पडतोय की थांबलाय, ते सांगता येऊ नये असा. रिक्षाचा ताडपत्रीचा पडदा वाऱ्यानं उडत होता आणि दरवेळी तिच्या फायलींवर शिंतोडे येत होते.

समोर बसलेल्या तरुणानं काही न बोलता हात लांब केला आणि पडद्याचं टोक धरलं. पूलगेट येईपर्यंत धरून ठेवलं. उतरताना तिनं पाहिलं, तर त्याची इस्त्रीची बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"तुमचा शर्ट भिजला," ती म्हणाली.

"कागद नाही ना भिजले?" त्यानं विचारलं. मग कोटाकडे बघत, जरासं अडखळत — "एक विचारू? तुम्ही लग्नं मोडता, की जमिनींची भांडणं लावता?"

"दोन्ही नाही. कामगारांच्या केसेस चालवते."

"म्हणजे हरणाऱ्या बाजूनं."

"आमची बाजू हरत नाही. तिला फक्त पुढची तारीख मिळते."

तो हसला. मोठ्यानं नाही, पण मनापासून. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक होतात, हे तिच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं म्हणून ती स्वतःवरच थोडी रागावली.

त्याचं नाव चेतन. वाघोलीचा. हडपसरच्या आयटी पार्कमधल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तो इमारतीची व्यवस्था बघायचा. लिफ्ट, एसी, कॅन्टीन, झाडलोट सगळं त्याच्याकडे. कंपनीच्या कामासाठी त्याला वरचेवर पूलगेटजवळ कॅम्पात जावं लागे आणि ती तर रोजच शिवाजीनगरच्या लेबर कोर्टात निघालेली असे. त्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत ती सहा सीटर दोघांना वारंवार एकत्र मिळत गेली. योगायोग पहिल्या दोन वेळा होता. नंतर तो भरलेली रिक्षा सोडून देत थांबतो, हे तिला कळलं होतं. आणि आपणही घरून पाच मिनिटं आधी निघायला लागलो आहोत, हे तिनं स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

प्रियदर्शनीचे वडील नागोराव नांदेडकडून तरुणपणी पुण्याला आले आणि हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर उभे राहिले. नव्वदनंतर सगळीकडे वारं बदललं, तसं मालकांनी कारखान्याला टाळं लावलं. ती तेव्हा शाळेत होती. वडिलांचा डबा घेऊन ती कोर्टात जायची आणि दीनानाथ वकील त्या शेकडो कामगारांसाठी कसे उभे राहतात, ते मागच्या बाकावरून बघायची. एकदा न्यायाधीशांनी दीनानाथांना विचारलं की, तुमचा आवाज एवढा शांत कसा. ते म्हणाले, माझ्यामागे जे उभे आहेत त्यांना ओरडायची मुभा नाही, म्हणून मीही घेत नाही. त्या दिवशी तिचं ठरलं. आता ती त्याच दीनानाथांच्या ऑफिसात काम करत होती, आणि बंद कारखान्याच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या होत्या. चेतनची कंपनी त्यांतल्याच एका इमारतीत होती.

हे तिनं त्याला सांगितलं.

"मग मी तुमच्या वडिलांच्या जागेवर बसून पगार घेतो," तो म्हणाला.

"बसता कुठे? दिवसभर लिफ्टच्या मागे पळत असता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बुटांच्या टाचा बघा जरा."

दिवाळी होऊन गेली. पूलगेटला उतरल्यावर अर्धा कप चहा घ्यायची सवय लागली. चहा आधी कोण संपवतो यावर पैज लागे आणि दोघंही मुद्दाम हरत. तो काहीतरी बोलायच्या बेतात आहे, हे तिला कळत होतं. त्यानं दोनदा "मला जरा..." अशी सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पीएमटी बसच्या हॉर्ननं ते वाक्य खाल्लं.

तिसऱ्यांदा तो बोलू शकला असता. पण त्याच आठवड्यात शालू आली.

शालू हडपसरची, पस्तिशीतली. त्या सॉफ्टवेअर कंपनीत झाडलोट करणाऱ्या बायकांची ती पुढारी होती. तिच्याबरोबर दहा-बारा जणी ऑफिसात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. काहीजणी कंपनी उघडली तेव्हापासून कामाला होत्या. कागदावर मात्र त्या कुणा कंत्राटदाराच्या नोकर होत्या आणि तो कंत्राटदार त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिला नव्हता. त्यांनी युनियन केली. पुढच्याच सोमवारी गेटवर त्यांची ओळखपत्रं काढून घेतली गेली.

"तुम्हाला रोजचं काम कोण सांगायचं?" प्रियदर्शनीनं विचारलं. सगळी केस या एका प्रश्नावर उभी राहणार होती. काम कंपनीचा माणूस सांगत असेल, तर कंत्राटदार नुसता नावाचा आणि बायका कंपनीच्याच.

"चेतनसर," शालू म्हणाली. "रजापण तेच द्यायचे."

"आणि ओळखपत्रं कोणी काढून घेतली?"

"त्यांनीच. खाली मान घालून घेतली, पण घेतली."

प्रियदर्शनीचं पेन थांबलं. त्या सोमवारी सकाळी तो तिच्यासोबत चहा प्यायला होता आणि नेहमीपेक्षा कमी बोलला होता. तिला वाटलं होतं, आज पुन्हा धीर झाला नाही वाटतं. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि मग तिनं पुढच्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं.

तिनं काही लपवलं नाही. दीनानाथांना सांगितलं की, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. नुसत्या ओळखीचा नाही, मला आवडतो. तुम्ही म्हणाल तर केस दुसऱ्या कुणाला द्या. दीनानाथांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं की, त्याला प्रश्न विचारताना तुझा एखादा प्रश्न कमी होईल का. ती नाही म्हणाली. मग ते म्हणाले, ज्यांची केस आहे त्यांनाही विचार.

शालूनं सगळं ऐकून घेतलं. "माणूस चांगला हाय," ती म्हणाली. "पण ताई, चांगली माणसंच गप बसली की जास्त नुकसान होतं. वाईटांचं काय, ती बोलली काय अन् न बोलली काय. तुम्हीच चालवा केस. तुमच्यापुढं त्यांना खोटं बोलणं जड जाईल."

दुसऱ्या दिवशी ती गाडीतळावर गेली, पण रिक्षात बसली नाही. तो धावत आला.

"शालूताईंची केस मी घेतली आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं सांगायचा प्रयत्न केला, की वरून आदेश होता, मी नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं, मला रात्रभर झोप नव्हती. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"हे मला इथे सांगू नका. तुम्ही कंपनीचे साक्षीदार होणार, हे नक्की. मी इथे तुमच्याशी बोलले, तर उद्या त्यांचा वकील म्हणेल, हिनं साक्षीदार फोडला. बायकांची केस माझ्या चहापायी जाईल."

"म्हणजे... आता आपण बोलायचंच नाही?"

"बोलायचं ना. कोर्टात. मी विचारणार, तुम्ही उत्तर द्यायचं."

"आणि मला काही विचारायचं असेल तर?"

"साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात," ती म्हणाली, आणि समोरून आलेल्या पीएमटीत चढली.

लेबर कोर्टात केस पळत नाही, रांगते. कंपनीनं उत्तर द्यायला वेळ मागितला, मग वकील बदलला, मग नव्या वकिलानं वेळ मागितला. मधल्या काळात शालूनं पोळ्या लाटायचं काम धरलं, बाकीच्या कुणी धुण्याभांड्याला गेल्या, कुणी शेतावर. एकीलाही प्रियदर्शनीनं फुटू दिलं नाही. दर रविवारी ती शालूच्या घरी त्यांच्यात जाऊन बसायची, तारखेला काय झालं ते सोप्या शब्दांत सांगायची, आणि कुणी म्हणालं की सोडून देऊ ताई, तर शांतपणे विचारायची की, का?

चेतनशी ती एक शब्दही बोलली नाही. एकदाच तो नेम जरा ढळला, ते मंडईत.

ती आईबरोबर भाजी घ्यायला गेली होती. वाटाण्याच्या ढिगाशी वाकलेली असताना पलीकडच्या बाजूनं ओळखीचा आवाज आला. तिनं मान वर केली नाही. चेतननं तिच्याकडे बघितलं नाही. तो भाजीवाल्या मावशींशी बोलत होता, पण गरजेपेक्षा बराच मोठ्यानं.

"मावशी, एका माणसाशी बोलायला मला बंदी आहे. त्यांच्या घरी सगळं ठीक असेल का हो?"

मावशींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मी भाजी विकते. भविष्य पलीकडच्या गल्लीत."

"बरं. मग त्यांची आठवण येत असेल, तर काय घ्यावं?"

"कारली घ्या. उतरेल."

प्रियदर्शनीला हसू आवरेना. तिनं मूठभर वाटाणे तराजूत टाकले आणि मावशींनाच म्हणाली, "मावशी, काही माणसांना सांगा, घरी सगळं ठीक आहे. आणि शपथेवर खरं बोललं, की बंदी उठते."

पलीकडे पिशवीत कारली पडल्याचा आवाज आला. आईनं घरी येईपर्यंत काही विचारलं नाही. दारात चप्पल काढताना फक्त म्हणाली की, मुलगा कारली खाणारा दिसतो, सोसायची सवय असेल.

पुढच्या हिवाळ्यात त्याची साक्ष लागली.

शपथपत्र आधीच दाखल झालं होतं. त्यात लिहिलं होतं की, बायकांना काम कंत्राटदाराचा सुपरवायझर सांगत असे, कंपनीचा त्यांच्याशी संबंध नव्हता. खाली चेतनची सही होती. ती पाहिल्यापासून प्रियदर्शनीच्या मनातलं काहीतरी विझून गेलं होतं. साक्षीच्या सकाळी तिनं आरशात बघून गळ्यातला वकिलाचा पांढरा बॅण्ड नीट केला आणि स्वतःला बजावलं की, आज समोर कंपनीचा साक्षीदार आहे. बाकी कोणी नाही.

तो पिंजऱ्यात उभा राहिला. बारीक झाला होता. मागच्या बाकांवर शालू आणि तिच्या बायका पदर सावरून बसल्या होत्या.

"कंत्राटदाराच्या सुपरवायझरचं नाव सांगा," प्रियदर्शनीनं पहिलाच प्रश्न टाकला.

तो थांबला. कंपनीच्या वकिलांनी घसा खाकरला.

"नाव आठवत नाही, की असा माणूसच नव्हता?"

चेतननं तिच्याकडे बघितलं. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे, बाकांवर गेली आणि तिथेच राहिली.

"असा माणूस नव्हता," तो म्हणाला.

कंपनीचे वकील उठले, हरकत घेऊ लागले. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं.

"मग काम कोण सांगायचं?"

"मी."

"रजा?"

"मीच द्यायचो."

"शपथपत्रात वेगळं लिहिलं आहे. सही तुमची आहे?"

"माझी आहे. मजकूर तयार मिळाला, मी सही केली. ती चूक माझी आहे."

इथे थांबता आलं असतं. हवं ते मिळालं होतं. तिच्या समोर उभ्या असलेल्या माणसाची नोकरी या क्षणी गेली होती, हे कोर्टातल्या पंख्यालाही कळलं असतं. पण एक प्रश्न उरला होता, आणि तो कमी करणार नाही, असं ती दीनानाथांना म्हणाली होती.

"या बायकांना गेटवर कोणी अडवलं?"

"मी अडवलं." त्याचा आवाज खाली गेला, पण तुटला नाही. "त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी युनियन केली म्हणून त्यांना काढा, असं मला सांगण्यात आलं. मी ऐकलं."

"आणखी प्रश्न नाहीत," ती म्हणाली. तिनं फाईल बंद केली आणि ती खाली बसली.

तरीही ती त्याच्याशी बोलली नाही. निकाल बाकी होता. निकालाआधी कुणी दोघांना एकत्र पाहिलं असतं, तर त्याच्या खऱ्या साक्षीवरही डाग पडला असता. तोही आला नाही. तिला बरं वाटलं, आणि अजिबात बरं वाटलं नाही.

निकाल उन्हाळ्यात लागला. बायका कंपनीच्याच आहेत, त्यांना कामावर परत घ्या. शालू कोर्टाच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावून खूप वेळ बसून राहिली. कंपनीनं हायकोर्टात जाणार म्हणून सांगितलं. प्रियदर्शनीनं बायकांना सांगितलं की, जाऊ देत, आपणही जाऊ.

मग शालूच म्हणाली, की चेतनसरांकडून साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा लिहून घेतला. त्यांच्या वडिलांच्या दोन मिनीबस कंपनीत लागलेल्या होत्या, त्याही बंद केल्या.

"हे मला आत्ता सांगता?"

"ताई, तुम्हीच बजावलं होतं, निकालापर्यंत त्यांचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी वाघोलीला गेली. नगर रस्त्यावर दोन्ही बाजूंना इमारतींचे सांगाडे आणि नव्या कॉलेजांच्या पाट्या, मधूनच एखादं ज्वारीचं रान. विचारत विचारत ती घरापाशी पोचली. अंगणात चेतनचे वडील हिंदुराव पाइपनं मिनीबस धूत होते. तिनं नाव सांगितलं. त्यांनी पाणी बंद केलं.

"म्हंजे तुम्हीच का त्या वकीलबाई. पोराला पिंजऱ्यात उभं केलं, त्या?"

"हो. तुमच्या गाड्या माझ्यामुळे गेल्या."

"गाडीला चाकं हायती. हितनं गेली, तितं लागती. कॉलेजवाल्यांनी घेतल्या दोन्ही." त्यांनी हात पुसले. "पोरगं त्या कंपनीत होतं तवा जेवताना ताटाकडं बघायचं. आता आमच्याकडं बघून जेवतंय. बसा, हाय मागं, बोलावतो."

चेतन आला. ग्रीसनं माखलेले हात, चुरगळलेला शर्ट. हिंदुराव पाइप गुंडाळत घरात गेले. दोघंच उरले, आणि इतक्या दिवसांचं न बोललेलं सगळं मध्ये उभं राहिलं.

"बंदी उठली?" त्यानं विचारलं.

"उठली."

"मग मला एक काम आहे तुमच्याकडे. माझ्याकडून जबरदस्तीनं राजीनामा घेतला. माझी केस घ्याल?"

"नाही."

"का?"

"एक तर तुम्ही मॅनेजर. कायद्याच्या व्याख्येत तुम्ही कामगार बसत नाही. लेबर कोर्टात उभंच करणार नाहीत तुम्हाला. सिव्हिल कोर्टात दीनानाथ सर बघतील, मी बोलले आहे त्यांच्याशी."

"आणि दुसरं?"

"दुसरं..." तिनं एक श्वास घेतला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या वतीनं बोलणाऱ्या तिला स्वतःच्या वतीनं एक वाक्य जड चाललं होतं. "माझ्या अशिलाशी मी लग्न करणार नाही. म्हणून तुम्ही माझे अशील व्हायचं नाही."

त्याचे डोळे हळूहळू बारीक झाले.

"मी कधीपासून विचारायचं म्हणत होतो..."

"तुम्ही म्हणतच राहिला असता. आता ऐका. आम्ही बौद्ध. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि लग्नानंतर तो माझ्याबरोबर येईल. तुमच्या घरात, तुमच्या भावकीत हे मी कुजबुजत नाही सांगणार. पहिल्या दिवशी सांगणार, मोठ्यानं. जमणार असेल तरच पुढचं बोला."

"तुमच्याबद्दल सगळं आईला साक्षीच्या आधीच सांगितलं होतं," चेतन म्हणाला. "आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. भावकीतले दोघं-तिघं अजून बोलत नाहीत, पुढेही बोलणार नाहीत. साक्ष देऊन आलो, तेव्हा मात्र आईनंच विषय काढला. म्हणाली, त्या वकीलबाईंना तिखट चालतं का, विचारून ये."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"बंदी होती ना."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ग्रीसचे हात मागे घेतले, तर तिनंच पुढे होऊन ते धरले. स्वयंपाकघरातून चेतनच्या आईनं, ललिताबाईंनी विचारलं की, चहा ठेवू की जेवूनच जाणार. चेतननं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "जेवून."

पावसाळ्यात हायकोर्टाची तारीख लागली. बायकांना हजर राहायचंच होतं. हिंदुरावांनी एक मिनीबस दिवसभरासाठी मोकळी केली, आणि चेतन स्वतः गाडीवर बसला. घाटात धुकं एवढं होतं की पुढची गाडी दिसेना. बायका मागे गाणी म्हणत होत्या, आणि प्रियदर्शनी पुढच्या सीटवर मुद्दे वाचत होती. त्यानं एकदाही तिचं लक्ष वेधून घेतलं नाही. फक्त वळणं फार हळू घेतली.

कंपनीनं निकालाला स्थगिती मागितली. प्रियदर्शनी पहिल्यांदाच हायकोर्टात उभी राहिली, दीनानाथ तिच्या मागे बसले. ती शांतपणे बोलली. स्थगिती मिळाली नाही.

सोमवारी सकाळी हडपसरला काचेच्या इमारतीच्या गेटवर शालू आणि तिच्या बायका रांगेत उभ्या होत्या. नवी ओळखपत्रं, त्यांवर या वेळी कंपनीचं नाव. एकेक करत त्या आत गेल्या. रस्त्याच्या या बाजूला प्रियदर्शनी आणि चेतन उभे होते. त्याला त्या गेटातून आता कधीच जाता येणार नव्हतं.

"वाईट वाटतंय?" तिनं विचारलं.

"वाटतंय थोडं. तुला खोटं का सांगू?"

आजवरच्या 'तुम्ही'मधून हे 'तू' कधी निसटलं, ते त्यालाही कळलं नाही. तो चपापला. तिनं काही दुरुस्त केलं नाही. आत शिरता शिरता शालूनं मागे वळून दोघांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की, ताई, आता तुमची तारीख कधी?

"ठरली आहे," प्रियदर्शनी रस्त्यापलीकडून म्हणाली. "आणि ही पुढे जाणार नाही."